संसाराच्या हिशेबात स्वतःची फी

पस्तिशी-चाळिशीत पुन्हा कॉलेजात नाव घालणाऱ्याला पहिली फी सहसा अडवत नाही. ती कशी तरी उभी राहते. भिशीचा नंबर लागलेला असतो, दिवाळीचा बोनस बाजूला ठेवलेला असतो, भाऊ ओवाळणीत चार पैसे जास्त घालतो. अडचण येते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. जूनमध्ये मुलांची फी, वह्या, गणवेश, रेनकोट. त्याच पंधरवड्यात स्वतःच्या पुढच्या वर्षाची नोंदणी. आणि त्यात घरातलं एखादं आजारपण. अशा वेळी कात्री कशाला लागते, हे सांगायला नको.

अभ्यासकेंद्रावर शिकवताना मी हे वर्षानुवर्षं पाहत आले आहे. बाहेरून बी.ए. करणारी अंगणवाडी सेविका, रात्रपाळी संपवून रविवारच्या वर्गाला येणारा सुरक्षारक्षक, मुलगी दहावीला आणि आई बारावीला असलेलं घर. यांतले नापास होऊन शिक्षण सोडणारे फार थोडे. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख पैशांवाचून गेली म्हणून सुटलेले पुष्कळ. आणि त्यांतल्या बहुतेकांनी अडचण आहे हे कॉलेजात कुणालाही सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख लिहिते आहे. पैसे कमी असतात हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण ही की मोठ्या माणसाच्या शिक्षणाला घरखर्चात जागाच केलेली नसते. अठरा वर्षांच्या मुलाची फी हा खर्च घर गृहीत धरतं. आईच्या किंवा बाबांच्या फीला मात्र उरल्यासुरल्यातून मिळतं, आणि महिनाअखेरीला उरतं किती?

तेव्हा पहिलं काम कागद-पेन घेऊन बसण्याचं. पण एका वर्षाचा नाही, अख्ख्या अभ्यासक्रमाचा हिशेब मांडा. माहितीपुस्तिकेत छापलेली फी ही सुरुवात. तिच्या पुढे नोंदणी शुल्क, परीक्षा शुल्क, प्रात्यक्षिकं, प्रकल्पाचं टायपिंग आणि बाइंडिंग, गुणपत्रक आणि पदवी प्रमाणपत्राची फी, विषय राहिला तर पुन्हा परीक्षेचा खर्च, उशीर झाला तर विलंब शुल्क. प्रवास वेगळा. शिकायला बसायचं तर मूल कुणाकडे ठेवायचं, तोही खर्च वेगळा. आणि या सगळ्याहून मोठा, पण कुणीच न लिहिणारा आकडा म्हणजे बुडालेली कमाई. समजा, महिना १५,००० मिळवणारी बाई कॉलेजसाठी अर्ध्या वेळेच्या कामावर आली आणि पगार ८,०००वर आला. महिन्याला ७,००० कमी, वीस महिन्यांत १,४०,०००. फी वर्षाला ३०,००० असेल तर दोन वर्षांची फी ६०,०००. म्हणजे खरा खर्च दोन लाख, आणि त्यातला मोठा भाग कॉलेजच्या पावतीवर कधीच दिसणार नाही. हा आकडा आधी कळला तर माणूस वेगळा निर्णय घेतो. नोकरी न सोडता होणारा अभ्यासक्रम निवडतो, किंवा वर्षभर थांबून आधी पैसे साठवतो. दोन्ही निर्णय चांगलेच. मध्येच सोडावं लागणं वाईट.

हा हिशेब मांडून झाला की तो घरात मोठ्याने वाचून दाखवा. नवऱ्याला, बायकोला, सासूबाईंना, आणि मुलं जाणती असतील तर त्यांनाही. बाया इथेच कचरतात. ‘माझ्यासाठी एवढा खर्च’ हे बोलताना त्यांना जड जातं, आणि मग फी किराण्याच्या पैशांतून, गुपचूप, थोडी थोडी काढली जाते. अशी काढलेली फी फार काळ टिकत नाही. कारण ज्या खर्चाची घराला माहितीच नाही, तो सांभाळायला घर पुढे येत नाही. एकदा बोलून ठरलं की दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या बचत खात्यात किंवा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाका. वर्षाची फी १२,००० असेल तर महिना १,००० होतात. जूनची वाट पाहिली तर तेच १२,००० डोंगराएवढे वाटतात. ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे १,५०० रुपये आपल्या शिक्षणासाठी बाजूला ठेवणाऱ्या बायका मला माहीत आहेत, आणि मला त्याचं मोलही वाटतं. फक्त सगळी भिस्त त्याच रकमेवर ठेवू नका. सरकारी योजनेचे निकष बदलतात, खात्याची पडताळणी अडकते, हप्ता लांबतो. ती रक्कम आली तर फी लवकर जमेल आणि नाही आली तर थोडी उशिरा, पण जमेल, असा बेत हवा.

आता अभ्यासक्रमाच्या निवडीबद्दल. इथे माझं मत ठाम आहे: चाळिशीच्या माणसाने हळू आणि स्वस्त रस्ता धरावा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते मुळात अशाच लोकांसाठी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, त्याआधी चार वर्षं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आहे, शिवाजी विद्यापीठाचंही आहे. अशा ठिकाणी बी.ए., बी.कॉम. खासगी कॉलेजच्या मानाने पुष्कळ कमी पैशांत होतं, आणि नोकरी सुटत नाही, हा त्याहून मोठा फायदा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, त्यामुळे ‘बाहेरून केलेलं चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. पदवी कशासाठी हवी आहे तेवढं मात्र आधी नक्की करा. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेच्या पदाला पदवी लागते, पण ती अमुकच विषयातली लागत नाही. मग त्यासाठी महागडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम कशाला? उलट परिचारिका, वकील किंवा अभियंता व्हायचं असेल तर दूरशिक्षणाचा रस्ताच बंद आहे. तिथे नियमित कॉलेजच लागतं, आणि मग बुडालेल्या कमाईचा आकडा पुन्हा समोर ठेवावा लागतो.

स्वस्त रस्त्यावर फसवणूक करणारेही बसलेले असतात. ‘एका वर्षात पदवी’, ‘परीक्षेला आमचा माणूस’, ‘दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं केंद्र’ अशा पाट्या तालुक्याच्या गावांत दिसतात. आयोगाने दूरशिक्षणाच्या केंद्रांची ठेकेदारी चालवायला बंदी घातली आहे. संस्था आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम, दोन्ही आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत आहेत का, हे प्रवेशाआधी बघा. यादी संकेतस्थळावर मोफत दिसते, आणि मुलांपैकी कुणीही पाच मिनिटांत मोबाइलवर काढून देईल. अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी आयडी काढायचा असतो. ‘ते आम्ही बघतो, तुम्ही फक्त पैसे आणि आधार द्या’ असं म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

चुकून भलत्या ठिकाणी प्रवेश घेतला गेला तरी सगळे पैसे बुडत नाहीत. आयोगाने २०१८ साली परताव्याचे टप्पे ठरवून दिले: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यानंतर पण शेवटच्या तारखेपूर्वी केला तर ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांच्या आत ८० टक्के, सोळा ते तीस दिवसांत ५० टक्के. त्यापुढे काही नाही. मूळ गुणपत्रकं आणि दाखले अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही. तेव्हा मन बदललं तर दिवस मोजा आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

शिष्यवृत्तीची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण इथे मोठ्या विद्यार्थ्यांचे दोन टोकांचे समज असतात. एक, ‘या वयात आपल्याला कोण देणार’. दोन, ‘आता मुलींना सगळं मोफत झालंय’. दोन्ही अर्धेच खरे. राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवर एकत्र आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे. मुलींच्या शंभर टक्के फीमाफीचा निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला, पण तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साधं बी.ए. किंवा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम त्यात बसवून हिशेब करू नका, आणि संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेऊन मग शिष्यवृत्तीच्या खिडकीवर उभ्या राहू नका.

वयाची अट प्रत्येक योजनेत वेगळी. इतर मागासवर्गीय महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनेत ती १७ ते ३० वर्षं आहे, म्हणजे चाळिशीच्या माणसाने त्यात वेळ घालवू नये. शिक्षणात खंड पडण्याबद्दलच्या अटीही नीट वाचा. काही योजनांत अभ्यासक्रम चालू असताना दोन वर्षांचा खंड पडला तर लाभ जातो, पण अभ्यासक्रमाच्या आधीचा खंड चालतो. बारावीनंतर पंधरा वर्षांनी आलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे, आणि खिडकीवरचा माणूस तो प्रत्येक वेळी सांगेलच असं नाही. पूर्णवेळ नोकरी असेल तर काही शिष्यवृत्त्या मिळत नाहीत, हेही आधी पाहा. खोटी माहिती भरू नका. आधार आणि खात्यावरून ती उघड होते आणि पैसे परत मागितले जातात. इग्नूमध्ये काही अभ्यासक्रमांना अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना फीमाफी मिळते, आणि छापील पुस्तकांऐवजी डिजिटल साहित्य घेतलं तर फीत सूट मिळते. प्रवेशाच्या फॉर्ममध्येच तो पर्याय असतो, नंतर बदलता येत नाही असं धरूनच चला.

लग्न झालेल्या बायकांच्या वाटेत सगळ्यात मोठा दगड म्हणजे नाव. दहावी-बारावीच्या गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसराच क्रम, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते, त्यामुळे नावं जुळली नाहीत की मंजूर झालेले पैसेही वर्ष-वर्ष अडकतात. जातीचा दाखला माहेरच्या नावाचाच चालतो, तो सासरच्या नावाने काढायची खटपट करू नका. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा, नाव बदललं असेल तर शासन राजपत्राची प्रत ठेवा, आणि प्रवेशाच्या आधी दोन महिने हे काम हातात घ्या. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा, आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतो. कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं उत्पन्न मागतात ते त्या त्या योजनेच्या सूचनांत वाचा. या दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. कुणी ५०० रुपयांचा स्टँपपेपर आणायला सांगितला तर हे नम्रपणे, पण सांगाच. गरजू माणसाचे ५०० रुपये असे विनाकारण जाताना पाहिले की जीव तुटतो.

शिष्यवृत्तीचे पैसे जूनच्या फीला उपयोगी पडत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ते वर्षाअखेरीला, कधी पुढच्या वर्षी येतात. म्हणून फीची सोय आधी करायची, आणि आलेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षाच्या खात्यात टाकायची.

छोट्या खर्चांकडे फार वेळ द्यायला नको, दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांगते. एसटीत मार्च २०२३पासून सर्व महिलांना निम्मं तिकीट आहे. विद्यार्थी पास त्याहूनही स्वस्त पडतो, त्यासाठी कॉलेजचं बोनाफाईड घेऊन आगारात विचारा. रेल्वेच्या विद्यार्थी पासाला वयाची अट असते, तिथे अपेक्षा ठेवू नका. पुस्तकं विकत घेण्याआधी विद्यापीठाने दिलेलं साहित्य वाचून काढा. मुक्त विद्यापीठांची पुस्तकं परीक्षेला पुरेशी असतात, आणि इग्नूची सगळी ई-ज्ञानकोशवर फुकट आहेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात. शेजारच्या गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी एका नव्या पुस्तकाच्या किमतीहून कमी असते.

‘कमवा आणि शिका’ ही कर्मवीर भाऊराव पाटलांची देणगी. रयत शिक्षण संस्था १९१९ची, आणि आज अनेक विद्यापीठांत त्याच नावाने योजना चालते. कॉलेजातच तासांवर काम, तासांवर पैसे. नियमित कॉलेजात नाव असलेल्या, पण नोकरी नसलेल्या मोठ्या विद्यार्थ्याने विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे जाऊन जरूर विचारावं. ग्रंथालयात, कार्यालयात मोठ्या वयाच्या माणसाची शिस्त कामाला येते. नोकरी करणाऱ्याने मात्र आपल्याच मालकाला विचारलेलं बरं. पुष्कळ कंपन्या आणि रुग्णालयं कामाशी संबंधित शिक्षणाची फी पूर्ण किंवा अर्धी देतात. बदल्यात काही वर्षं नोकरी न सोडण्याचं लिहून घेतात. ते किती वर्षांचं आणि मोडलं तर किती भरावं लागेल, एवढं वाचून सही करा. सरकारी नोकरांनी प्रवेशाआधी कार्यालयाची परवानगी घ्यावी, नाहीतर मिळवलेली पदवी सेवापुस्तकात नोंदवताना अडते.

आता कर्ज. माझ्याकडे येणारे बहुतेक जण कर्जाची गोष्ट सगळं झाल्यावर सांगतात, तोवर उसनवारीची साखळी तयार झालेली असते. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी कॉलेजकडे हप्ते मागा, कारण त्याला व्याज नाही. मग नोकरीच्या ठिकाणची पगारदारांची पतसंस्था. मग बँकेचं शैक्षणिक कर्ज. मग बचत गट. सोनेतारण त्यानंतर. मोबाइलवरचं झटपट कर्ज आणि गल्लीतला सावकार यांच्याकडे जाऊच नका.

शैक्षणिक कर्ज फक्त तरुण मुलांना मिळतं, हा समज चुकीचा आहे. भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेत विद्यार्थ्याच्या वयाची मर्यादा घातलेली नाही, आणि विवाहित विद्यार्थ्याच्या बाबतीत नवरा-बायको किंवा सासू-सासरे सहकर्जदार होऊ शकतात. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. शिकत असतानाच तेवढं व्याज दरमहा भरता आलं तर पुढचं ओझं बरंच हलकं होतं. २०२४च्या अखेरीस आलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे, पण ती सरकारने निवडलेल्या नामांकित संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांसाठी. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल तर स्वतःच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कलम ८०ई खाली आठ वर्षं वजावट मिळते. फीची वजावट मात्र मुलांच्या शिक्षणाचीच असते, स्वतःच्या नाही. हे दोन्ही एकच आहे असं पुष्कळांना वाटतं. आणि बेचाळिसाव्या वर्षी दहा वर्षांचं कर्ज काढताना एवढं विचारा: या पदवीने माझा पगार महिन्याला किती वाढेल? हप्ता त्या वाढीहून मोठा असेल तर स्वतःचं म्हातारपण आणि मुलांचं कॉलेज गहाण पडतं. अशा वेळी कर्ज घेऊ नये, असंच मी सांगेन.

बचत गटाचं कर्ज जवळचं वाटतं, पण त्याचा दर महिन्याचा असतो. ‘दोन टक्के’ म्हणजे वर्षाला चोवीस. ४०,००० घेतले तर महिन्याला ८०० रुपये नुसतं व्याज. फीचा फॉर्म भरायला दोन-तीन महिन्यांपुरतं घेतलं तर ठीक, वर्षानुवर्षं फिरवत ठेवायला नव्हे. सोनेतारणात काही ठिकाणी वर्षभर काहीच मागत नाहीत आणि वर्षाने मुद्दल आणि व्याज एकदम मागतात. ते सोय म्हणून सांगितलं जातं, पण डाग लिलावात जाण्याची ती सरळ वाट आहे. महिन्याच्या हप्त्याचंच कर्ज मागा.

ऑनलाइन अभ्यासक्रम विकणाऱ्यांबद्दल विशेष सावध राहा. ‘फी महिन्याच्या सोप्या हप्त्यांत’ असं सांगून मोबाइलवर जी सही घेतली जाते, ती कित्येकदा एखाद्या वित्तकंपनीच्या कर्जावरची असते. अभ्यासक्रम मध्येच सोडला तरी ते कर्ज तुमच्या नावावर चालूच राहतं आणि बँकेतली पत बिघडते. सही करण्याआधी एकच विचारा: हे हप्ते कॉलेजचे की कर्जाचे? कर्जाचे असतील तर एकूण खर्च सांगणारं मुख्य तथ्यपत्रक मागा. ते देणं बंधनकारक आहे. दर ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर मोजलेला, आहे का तेही पाहा. ६०,००० रुपये १२ टक्के फ्लॅट दराने दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३,१०० येतो, आणि घटत्या शिलकीवर मोजलं तर तो दर जवळपास २१-२२ टक्क्यांचा पडतो.

झटपट कर्जाच्या ॲपमध्ये अडकलाच असाल तर एकटं कुढत बसू नका. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना फोन, फोटो पाठवण्याच्या धमक्या हा गुन्हा आहे. १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तक्रार करता येते. सावकाराबद्दल राज्यात २०१४चा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. परवाना नसलेल्याचा धंदाच बेकायदा. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची.

शेवटी त्या दिवसाबद्दल, ज्या दिवशी खरंच पैसे नसतात. तारीख परवाची आहे आणि हातात काही नाही. त्या दिवशी घरी बसू नका, कॉलेजात जा. प्राचार्यांच्या किंवा केंद्रप्रमुखांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहा: मी अमुक वर्षाची विद्यार्थिनी, एकूण फी इतकी, आज इतके भरू शकते, उरलेले अमुक तारखेला आणि तमुक तारखेला भरेन. अडचणीचं कारण एका ओळीत. अर्धे जरी नाही तरी काही पैसे सोबत न्या. रिकाम्या हाताच्या विनवणीपेक्षा तारीख घातलेल्या अर्जावर निर्णय घेणं कार्यालयाला सोपं जातं. विद्यार्थी साहाय्य निधी कॉलेजात आहे का, असं नाव घेऊन विचारा. पुष्कळ ठिकाणी तो असतो आणि मागणारे नसतात म्हणून पडून राहतो. ‘या वयात हात पसरायचा’ असं मनात येईल. फीची सवलत मागणं म्हणजे हात पसरणं नाही, तुमच्यासारख्यांनी शिकावं म्हणूनच ती तरतूद केलेली आहे.

तेही नाही जमलं, तर रीतसर थांबा. न सांगता गैरहजर राहणं आणि अर्ज देऊन थांबणं यांत फरक आहे. मुक्त विद्यापीठांत पदवी पुरी करायला वाढीव मुदत असते. इग्नूची तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या अभ्यासक्रमांत मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहतात, आणि एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. त्यासाठी थोडं जास्तीचं काम पूर्ण करावं लागतं, ते विभागप्रमुखांना विचारून घ्या. हे खातं डिजिलॉकरवरून उघडता येतं, आणि ते पैशांची अडचण यायच्या आधी उघडलेलं असावं. थांबताना चार कागद घरी आणा: भरलेल्या प्रत्येक फीची पावती, सगळ्या सत्रांची गुणपत्रकं, कायम नोंदणी क्रमांक, आणि पुन्हा प्रवेशासाठी कोणत्या महिन्यात, कोणता फॉर्म, किती शुल्क हे कार्यालयाने लिहून दिलेलं टिपण. ते टिपण कॅलेंडरच्या त्या महिन्याच्या पानाला टाचून ठेवा, आणि फीचं ते वेगळं खातं बंद करू नका. महिन्याला २०० रुपये का होईना, त्यात पडत राहू द्या.